तसे घडले नाही

जानेवारी २०२६ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट कंपनीने रद्द केली. २०२० साली तिचे काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेले. बातमी वाचून आम्ही दोघे भाऊ फोनवर बराच वेळ बोललो आणि बोलणे शेवटी मामापाशी येऊन थांबले.

या मालिकेशी आमची गाठ मामामुळेच पडली. मूर्तिजापूर तालुक्यात त्याची कोरडवाहू शेती होती. उन्हाळ्याच्या सुटीत तो आम्हांला अकोल्याला आणी आणि बाजारातली कामे उरकेपर्यंत जठारपेठेतल्या एका संगणकवर्गात बसवी. तिथे जॉर्डन मेक्नरचा १९८९ चा मूळ खेळ होता. राजकन्येच्या सुटकेला साठ मिनिटांची मुदत. राजपुत्र मेला तरी पुन्हा उठे. घड्याळ मात्र मागे येत नसे. मामा पाठीशी उभा राहून म्हणे, ‘‘एवढ्या घाईनं राजकन्या भेटत असते काय बे?’’

२००३ च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्राच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर आला, तोही हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालातून लुटलेला. तो खेळ आम्ही अमरावतीच्या घरी खेळलो. त्यात राजपुत्र आपली गोष्ट स्वतःच सांगतो. खेळणाऱ्याच्या चुकीने तो मेला, की निवेदक राजपुत्र स्वतःला दुरुस्त करतो : छे, तसे घडले नाही. आम्हां मराठी माध्यमाच्या मुलांना ते इंग्रजी उमगायला वेळ लागला. पुढे वर्गात अविश्वसनीय निवेदकाची चर्चा निघे, तेव्हा आम्हांला तोच आवाज आठवे.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याच पावसाळ्यात मामाने कपाशीवर फवारायचे औषध घेतले. आजीला ‘फवारताना विषबाधा झाली’ असे सांगायचे घरात ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. आम्ही ते तपशिलासह सांगितले. राजपुत्र आपली गोष्ट दुरुस्त करतो, तेव्हा त्याच्यासाठी काळ खरोखर मागे गेलेला असतो. आमच्यासाठी तो जिथल्या तिथे होता.

त्या खेळाच्या अखेरीस कळते, की ही सारी कथा महाराजाच्या मुलीला, फराहला, सांगितली जात होती. काळ मागे फिरल्यामुळे तिच्या लेखी त्यातले काहीच घडलेले नसते. राजपुत्र खरे सांगतो आणि तिला ते पटत नाही.

आजीचे याच्या उलट झाले. त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. भरपावसात कोणी फवारणी करत नाही, हे शेतकऱ्याच्या आईला शिकवावे लागत नाही. तिने आमचे सगळे सांगणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि ‘‘जेवून घ्या पोट्टेहो,’’ एवढेच म्हणाली.