शेवटचं पान

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गायरानावर गवत परत आणायचं, एवढंच आमच्या गटाचं काम. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. त्याच जातीचा आमचा माळ, फक्त चरून चरून उघडा पडलेला. एका कंपनीच्या सीएसआर निधीची जाहिरात दिसली आणि मी दोन रात्री जागून अर्ज लिहिला. प्रस्तावना मला इतकी आवडली होती की पाठच झाली होती. आकडे तपासायला अर्ज आप्पांकडे नेला. आप्पा लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले.

प्रस्तावना त्यांनी उघडलीच नाही. "शेवटचं पान दे. पैसे खर्चून झाल्यावर काय दाखवायला लागतं, ते आधी बघू."

शेवटी अहवालाचा नमुना होता. लावलेली रोपं, तीन वर्षांनी जगलेली रोपं, अक्षांश-रेखांशासह फोटो. गवताला रकानाच नव्हता.

"रोपं किती लिहिलीस?"

"पाच हजार."

"माळावर?"

झाडांची सावली वाढली की मारवेल, पवन्या मागे हटतात, धाविक पक्ष्याला मोकळी जमीन लागते, हे मीच गावभर सांगत फिरत होते.

मग त्यांनी तारखा काढल्या. हप्ता डिसेंबरात, खर्च 31 मार्चच्या आत. गवताचं बी दिवाळीच्या पुढंमागं पिकतं आणि पेरायचं मृगाच्या तोंडावर. "त्यांचं वर्ष मार्चला संपतंय पोरी, तुझं जूनला सुरू होतंय. आणि चराई बंद ठेवायला धनगरांशी बोलणार, त्यांच्या मेंढरांना वैरण देणार, ते कुठल्या खात्यात टाकणार?"

मी चिडले. आयते पैसे सोडायचे?

"पैसे चांगलेच आहेत. कुणाच्या तरी ओढ्याकाठी शोभतील."

अर्ज पाठवला नाही. आठ दिवस आप्पांकडे फिरकलेही नाही. त्यांनी मात्र कोऱ्या वहीत आमचा खरा खर्च मांडून ठेवला होता: बी गोळा करणाऱ्या बायकांची मजुरी, राखणदार, वैरण. रोपांच्या बजेटापुढं तो चिमूटभरच होता. वर्गणीतून दोन एकर राखले.

दुसऱ्या दिवाळीनंतर आप्पांना माळ दाखवायला नेलं. परतल्यावर ते ओट्यावर बसून धोतरात रुतलेली कुसळं एकेक उपटत होते आणि मोजत होते. सत्तावीसपर्यंत आले, मग म्हणाले, "हे लिही तुझ्या अहवालात."