विसाव्याचा वार

गेल्या वर्षी पोळ्याच्या निमित्ताने आम्ही आमच्या गावी, साखरखेर्ड्यास, गेलो होतो. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या वाचकांस इ. स. १७२४ मधील निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांच्या लढाईमुळे ठाऊक असेल. आम्हांस मात्र ते गोठ्याच्या वासाने आठवते. सोबत आमच्या महाविद्यालयातील एक ख्रिस्ती स्नेही होते. त्यांनी पोळा पूर्वी कधी पाहिला नव्हता. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांस तूप-हळद चोळून त्यांस दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण द्यावयाचे, आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू म्हणून चढवावयाचे नाही, हा प्रकार पाहून ते काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "सर, आमच्या मंडळीत सध्या जो वाद चालला आहे, त्याचे उत्तर तुमच्या गोठ्यात असावेसे वाटते."

वाद जुनाच होता. शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, ख्रिस्ती माणसाने आजही पाळावा की नाही? काही तरुण मंडळींचे म्हणणे असे की, तो नियम मोशेच्या शास्त्रातला आहे. पौलाने आपल्या पत्रांत सण आणि शब्बाथ यांवरून कोणी कोणास दोषी ठरवू नये असे सांगून माणसास त्या बंधनातून मोकळे केले. वृद्धांचे म्हणणे असे की, दहा आज्ञांपैकी नऊ ठेवून एक टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? बरे, पाळावा म्हटले तरी वार कोणता? पुण्याच्या स्पायसर विद्यापीठातील ॲडव्हेंटिस्ट मंडळी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार पाळतात. इतर बहुतेक मंडळ्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा म्हणून रविवार मानतात.

आम्ही ख्रिस्ती नव्हे. तेव्हा या वादात निवाडा देण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि मूळ आज्ञा वाचण्यास कोणाची आडकाठी नाही. ती आज्ञा केवळ 'तू विसावा घे' एवढ्यावर थांबत नाही. तुझा पुत्र, तुझी कन्या, दास, दासी, बैल, गाढव, आणि तुझ्या गावात राहणारा परका, या सर्वांची ती नावनिशीवार यादी देते. 'निर्गम' ग्रंथात तिचे कारण देवाच्या सृष्टिकार्यात सांगितले आहे; 'अनुवाद' ग्रंथात मात्र निराळेच सांगितले आहे: तूही मिसर देशात दास होतास, हे विसरू नकोस. म्हणजे विसावा ही स्वतः घेण्याची वस्तू नसून, ज्यांचे श्रम आपल्या हाती आहेत त्यांस देण्याची वस्तू आहे, असे आम्हांस या आज्ञेचे मर्म वाटते. येशूनेही शब्बाथाच्या वादात विहिरीत पडलेल्या बैलाचाच दाखला दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रास ही गोष्ट अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस 'शनिवार तेली' हे नाव दिले. त्या दिवशी तेल्याबरोबर घाण्याचा बैलही उभा राहत असे. उलट इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला, तो न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांच्यापुरता. शेतकऱ्यास त्याने कामाची मोकळीक ठेवली. या मोकळिकीचा लाभ शेताच्या मालकास किती झाला आणि मजुरास किती, हे सांगावयास नको.

मुंबईच्या गिरण्यांत तर रविवारी यंत्रे पुसण्यासाठी मजुरांस बोलावीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी इ. स. १८८४ मध्ये मजुरांची सभा भरवून साप्ताहिक सुटी मागितली, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते. मोशेच्या आज्ञेशी त्यांस कर्तव्य नव्हते. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, एवढे मजुरांस पुरेसे होते. परंतु आज्ञेतील दासाच्या वाट्याचा दिवस त्यांनीच मिळवून दिला.

हे सर्व आम्ही स्नेह्यांस गोठ्याच्या ओट्यावर बसून मोठ्या ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "मग तुमच्याकडे हा दिवस कोणता?" आम्ही लगेच उत्तर दिले, "सोमवार. महादेवाचा वार आणि बैल त्याचे वाहन. आमच्या वडिलांच्या वेळी सोमवारी औत जुंपीत नसत." आणि हे बोलता बोलताच आम्हांस एक वही आठवली.

आमच्याकडे एक सालदार होता. पाडव्याला त्याचे साल ठरे. सोमवारी बैल गोठ्यात निवांत रवंथ करीत, आणि सालदार गोठा झाडी, वैरण तोडी, सरपण फोडी. औत बंद म्हणून ही कामे सोमवारसाठी राखून ठेवलेलीच असत. आम्ही सातवीत होतो. अक्षर बरे म्हणून हिशेबाची वही आमच्याकडे होती. एका सोमवारी तो बाळंतीण लेकीस पाहण्यासाठी तिच्या गावी गेला. वडिलांनी जाऊ दिले, आणि संध्याकाळी आम्हांस सांगितले, "एक खाडा लिही." आम्ही लिहिला. पाडव्याला त्या दिवसाचे पैसे कापले गेले. तो वही पाहू लागला. त्यास वाचता येत नव्हते. एवढेच म्हणाला, "बाळासाहेब, बैलाचा खाडा लिहित्यात का हो?" आम्ही हसलो होतो. त्यात थट्टा नव्हती, हे समजण्यास आम्हांस चाळीस वर्षे लागली.

स्नेह्यांस आम्ही हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वार कोणता, हा प्रश्न आम्ही पुढच्या सभेत मागे ठेवू. आधी कोणाकोणाच्या घरी त्या दिवशी कोण राबते, हे विचारू."

आमच्या मते हेच खरे उत्तर होय. ज्या घरातील शेवटच्या माणसास विसावा मिळतो, त्याने शनिवार पाळला काय आणि रविवार पाळला काय, आज्ञा पाळली गेली. ज्या घरात तो मिळत नाही, तेथे प्रार्थनेनंतरची दुपारची झोप ही केवळ झोप आहे. एक उणीव मात्र आम्हांस त्या जुन्या यादीतही दिसते: तीत दासीचे नाव आहे, बैलाचे आहे, गाढवाचे आहे, पत्नीचे नाही.

ही उणीव दाखविताना आम्हांस थोडा अभिमान वाटला होता. पण या लेखाचा पहिला खर्डा आम्ही एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसून केला. त्या वेळी आत स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. रविवारी चार माणसे अधिक येतात. म्हणून त्या दिवशी कामवाल्या बाईस आम्ही लवकर बोलावतो, आणि घरातील मंडळींचे जेवण सर्वांच्या मागून होते.