उन्हाळ्यापुरती हिंदी

मसुरीच्या डोक्यावर, सुमारे सात हजार फुटांच्या उंचीवर, देवदारांच्या सावलीत लंढौर वसले आहे. इंग्रजांनी १८२७ मध्ये आजारी सैनिकांच्या विश्रांतीसाठी येथे छावणी उभारली. पुढे मैदानातला उन्हाळा चुकवायला आलेले मिशनरी याच डोंगरावर हिंदीचे धडे गिरवू लागले. १८७६ मध्ये हिंदीचे विस्तृत व्याकरण प्रसिद्ध करणारे सॅम्युएल केलॉग १८९९ मध्ये येथेच निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या चर्चच्या आवारात भाषाशाळा भरते. जून उजाडला, की दूरदेशींचे विद्यार्थी पाठीवर पिशव्या घेऊन हा चढ चढू लागतात.

त्यांतलीच एखादी अमेरिकन मुलगी डोळ्यांसमोर आणावी. पहिला आठवडा भाषेचा नसतोच. तो शरीराचा असतो. चढाने दम लागतो. बादलीभर पाण्यात अंघोळ उरकायची सवय करावी लागते. माकडांच्या भीतीने खिडकी मिटून घ्यावी लागते. पावसाळा सुरू झाला, की धुके थेट खोलीत शिरते. कपडे वाळत नाहीत आणि नव्याकोऱ्या शब्दकोशावर बुरशीची पुटे चढतात. चहाच्या दुकानात ती मनातल्या मनात घोकलेले वाक्य धीर करून उच्चारते आणि दुकानदार सौजन्याने इंग्रजीत उत्तर देतो. एवढ्या दूर यावे आणि दारातूनच परत पाठवले जावे, तसे तिला वाटते.

वर्गात मात्र सुटका नसते. ‘पढ़ना’ आणि ‘पड़ना’ यांतले अंतर जिभेला सापडेपर्यंत वाचणारी मुलगी वारंवार पडतच राहते. याहून कठीण असते ती वाक्याची रीत. तिच्या भाषेत भूक असो वा घराची ओढ, वाक्याचा कर्ता ‘मी’च असतो. हिंदीत भूक ‘मुझे’ लागते, आठवण ‘मुझे’ येते. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. त्यालाही भूक लागतेच. पण तिच्यासाठी हे केवळ विभक्तीचे प्रकरण नसते. परक्या मुलखात राहायचे, तर सारे आपणच करायचे हा अट्टहास सोडावा लागतो, काही गोष्टी आपल्यापर्यंत येऊ द्याव्या लागतात, हे तिला या ‘मुझे’मधून प्रथम उमगते.

मग बाजार हळूहळू बोलू लागतो. घरी कोण कोण आहे, आईवडिलांना सोडून एकटी कशी आलीस, असे प्रश्न येतात. तिच्या देशात आगाऊ ठरणारी ही चौकशी येथे बसायला दिलेल्या स्टुलासारखी असते. आणि कान तयार झाल्यावर एक विलक्षण गोष्ट तिच्या ध्यानी येते. दुकानदार तिच्याशी हिंदीत बोलतो, पण मागच्या खोलीत हाक मारतो गढवालीत. ओझी वाहणारा हमाल सोबत्याशी नेपाळीत बोलतो. लोकर विकणाऱ्या स्त्रियांची घरची भाषा तिबेटी असते. याच मसुरीत १९५९ पासून प्रशासकीय सेवेची अकादमी आहे. महाराष्ट्र केडर मिळालेला परप्रांतीय तरुण तेथे मराठीचे पहिले धडे घेतो. या डोंगरावर कितीतरी जणांच्या तोंडी शिकलेली भाषा आहे. आपण एकट्याच अडखळणाऱ्या नाही, या जाणिवेने तिला हायसे वाटते.

परंतु या दिलाशाला दुसरी बाजूही आहे. आजी गढवालीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हेही त्याच बाजारात ऐकू येते. २००० साली वेगळ्या झालेल्या या राज्याने राजभाषा म्हणून हिंदी स्वीकारली; २०१० मध्ये दुसरे स्थान संस्कृतला मिळाले. गढवालीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. जी भाषा पाहुणीला आसरा देते, तिच्याच भाराने घरची भाषा अंग चोरून बसते. यात हिंदी शिकणाऱ्या मुलीचा दोष नाही आणि शिकवणाऱ्यांचाही नाही. तरीही भाषा शिकणाऱ्याने हे ऐकले नाही, तर त्याचे शिकणे अपुरे राहते. केलॉगनेही आपल्या ग्रंथात प्रमाण हिंदीबरोबर ब्रज, अवधी, कुमाऊँनी यांची रूपे मांडली होती. एका नावाखाली किती आवाज नांदतात, याचे भान त्याला होते.

ऑगस्ट सरत येतो. आता भाजीवाली या मुलीला ‘भुली’ म्हणून हाक मारते. ती ऐकते ‘भूली’, आणि आपण काय विसरलो म्हणून छत्री, पिशवी, सुटे पैसे चाचपून पाहते. भाजीवालीला हसू आवरत नाही. ‘भुली’ म्हणजे गढवालीत धाकटी बहीण. हा शब्द तिच्या अभ्यासक्रमात नव्हता. वहीच्या शेवटच्या पानावर, हिंदी शब्दांच्या रांगेपासून थोडे अंतर राखून, ती तो लिहून घेते.