दोनशेव्या क्रमांकाची कथा

२००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’ने वाचकांचा कौल घेऊन ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेच्या तोवरच्या दोनशे कथांची क्रमवारी लावली. पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’, दोनशेवी ‘द ट्विन डिलेमा’. गंमत अशी की या दोन्ही कथा मालिकेत एकमेकींना लागूनच आहेत. पहिलीचा शेवटचा भाग बीबीसीवर १६ मार्च १९८४ ला लागला आणि दुसरीचा पहिला भाग २२ मार्चला. सर्वांत आवडती आणि सर्वांत नावडती यांच्यात अवघे सहा दिवस! पाच वर्षांनी मासिकानं पुन्हा कौल घेतला, तेव्हा कथांची संख्या २४१ झाली होती. ‘अँड्रोझानी’ चौथ्या क्रमांकावर उतरली. ‘ट्विन डिलेमा’ मात्र पुन्हा शेवटचीच राहिली.

चाळीस वर्षं उलटली तरी लंडनमध्ये या शेवटच्या क्रमांकावर तावातावानं बोललं जातं.

मराठी माणूस लंडनला येतो तेव्हा आधी घरभाडं, ट्यूबचा नकाशा आणि हिवाळा यांच्याशी त्याची गाठ पडते. ‘डॉक्टर हू’ हळूहळू भेटत जाते. अर्ल्स कोर्ट स्टेशनबाहेर एक निळी पोलीस बॉक्स उभी आहे. तिच्यासमोर लोक आपापल्या मुलांना उभं करून फोटो काढतात, कारण मालिकेतलं कालयान, टार्डिस, नेमकं तसंच दिसतं. वेस्टमिन्स्टर पुलावरून १९६४ मध्ये मालिकेतले शत्रू डालेक सरकत गेले होते आणि १९६८ मध्ये दुसरे शत्रू सायबरमेन सेंट पॉल्सच्या पायऱ्या उतरले होते, हे ऑफिसातलं कुणीतरी त्याला कधीतरी सांगतं. सांगणाऱ्याच्या आवाजात आपुलकी असते, जणू ते सगळं आपल्याच गल्लीत घडलं होतं.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, तेव्हा विशीतच होते. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्टही तितक्याच तरुण होत्या. नायक हा परग्रहावरचा कालप्रवासी. मरणाच्या दारात त्याचं रूपांतर होतं, तो नवं शरीर धारण करतो, त्यामुळे नट बदलला तरी डॉक्टर पुढे चालू राहतो. या एका युक्तीवर मालिका १९८९ पर्यंत टिकली आणि २००५ मध्ये नव्यानं सुरू झाली. पण या युक्तीत धोकाही आहे. दर काही वर्षांनी प्रेक्षकाला एका अनोळखी माणसावर नव्यानं माया करायला सांगितलं जातं. ‘ट्विन डिलेमा’ फसली ती नेमकी इथे.

‘अँड्रोझानी’च्या शेवटी पाचवा डॉक्टर, पीटर डेव्हिसन, आपल्या सोबतिणीला वाचवण्यासाठी प्राण देतो. विषबाधेवरचा उतारा एकापुरताच आहे आणि तो पेरीला पाजतो. पेरी ही अमेरिकन विद्यार्थिनी, निकोला ब्रायंटनं साकारलेली. पुढच्याच आठवड्यात कॉलिन बेकरचा सहावा डॉक्टर टार्डिसमध्ये येरझाऱ्या घालतो, बडबडतो, पेरी परग्रहावरची हेर आहे असा आरोप करतो आणि तिचा गळा आवळतो. ती कसाबसा आरसा त्याच्यासमोर धरते. स्वतःचाच चेहरा पाहून तो मागे सरतो. पुढे तो पश्चात्तापानं टायटन थ्री नावाच्या ओसाड जागी संन्यास घ्यायला निघतो आणि पेरीनं आपली शिष्या म्हणून तिथे राहावं, असं ठरवून टाकतो.

त्याच्या अंगावर एक कोट आहे. लाल, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी ठिगळांचा. खाली काळ्या रेघांची पिवळी विजार, हिरवे बूट, त्यांवर नारिंगी आच्छादन, गळ्यात ठिपक्यांचा रुमाल आणि कोटाच्या कॉलरवर मांजराचा बिल्ला. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना अभिरुचीहीन पोशाख हवा होता आणि पॅट गॉडफ्री यांनी तो तसा करून दिला. बेकरला स्वतःला काळं मखमल हवं होतं. पडद्यावर डॉक्टर कुणाशी गंभीरपणे बोलत असला तरी पाहणाऱ्याची नजर त्या कोटावरून हटत नाही. समोरच्या नटाचं काम वाया जातं.

शहराच्या मध्यवस्तीत शार्लट स्ट्रीटवर ‘फिट्झरॉय टॅव्हर्न’ हा जुना पब आहे. जॉर्ज ऑर्वेल आणि कवी डिलन टॉमस इथे येत असत. ‘डॉक्टर हू’चे चाहतेही महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इथे जमत आले आहेत. थेम्सच्या दक्षिण काठावर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या (बीएफआय) चित्रपटगृहात जुन्या कथांचे खेळ होतात, नट आणि तंत्रज्ञ येऊन प्रश्नांना उत्तरं देतात, आणि खेळ संपल्यावर बाहेरच्या कट्ट्यावर खरी चर्चा रंगते. नाटक सुटल्यावर वड्याची प्लेट हातात धरून दुसऱ्या अंकावर हमरीतुमरीवर येणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे वातावरण लगेच ओळखीचं वाटतं.

या चर्चेत बाजू ठरलेल्या आहेत, पण युक्तिवाद कच्चे नसतात. एक गट सगळा दोष वेळापत्रकाला देतो. पर्ट्वी, टॉम बेकर, डेव्हिसन या आधीच्या तिन्ही डॉक्टरांना नव्या मोसमाच्या पहिल्या कथेत आणलं होतं. कॉलिन बेकरला मात्र एकविसाव्या मोसमाच्या शेवटच्या कथेत उभं केलं. मोसमाच्या अखेरीस पैसे संपलेले असतात, हे पडद्यावर दिसतंच. खलनायक मेस्टर हा माणसाएवढा गोगलगायीसारखा प्राणी. रबरी तोंडातून त्याचा आवाज येतो आणि भीती वाटायच्या ऐवजी आतल्या नटाची कीव येते. शिवाय चार भाग ३० मार्चला संपले आणि पुढचा मोसम सुरू झाला ५ जानेवारी १९८५ ला. नऊ महिने प्रेक्षकांच्या मनात राहिला तो गळा दाबणारा डॉक्टर. पहिल्या भागाला ७६ लाख प्रेक्षक होते, चौथ्याला ६३ लाख.

दुसरा गट पटकथेकडे बोट दाखवतो. लेखक अँथनी स्टीव्हन अनुभवी होते, पण संहिता रखडली आणि पटकथा संपादक एरिक सॉवर्ड यांना बरंच पुनर्लेखन करावं लागलं. कथेच्या नावातली जुळी मुलं, रोम्युलस आणि रेमस, गणितातली विलक्षण बुद्धिमान म्हणून पळवली जातात आणि मग कथाच त्यांना विसरून जाते.

नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचून वाढलेला मराठी माणूस इथे हमखास तोंड उघडतो. जकोंडा ग्रहाच्या कक्षेत दोन छोटे ग्रह आणून ठेवायचे, ते सूर्यात पडले की सूर्याचा स्फोट होईल आणि मेस्टरच्या जातीची अंडी विश्वभर विखुरतील, असा बेत आहे. लहान ग्रह त्या कक्षेत टिकणार नाहीत, हे डॉक्टर ओळखतो, तिथपर्यंत ठीक. पण आपल्या सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट आहे. असे दोन ग्रह पडून ताऱ्याचा स्फोट होत नाही. आणि विज्ञान सांभाळून रंजक मालिका करणं बीबीसीला जमत नव्हतं, असंही नाही. नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ बीबीसीनं १९६१ मध्येच दाखवली होती. हा मुद्दा मांडला की टेबलावरचे जुनेजाणते आनंदतात. नवा माणूस नवं हत्यार घेऊन आला, याचं त्यांना अप्रूप असतं.

कथेचे पाठीराखेही आहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. डॉक्टरचा जुना मित्र आझमाएल याची भूमिका मॉरिस डेनहॅम यांनी केली आहे. मेस्टरचं मन आपल्या देहात कोंडून तो मुद्दाम शेवटचं, अशक्य असलेलं रूपांतर ओढवून घेतो आणि डॉक्टरच्या मांडीवर प्राण सोडतो. त्या दोन-तीन मिनिटांत बेकरचा चेहरा पाहावा. कोट विसरायला होतं. नंतर ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मुळे जगभर पोचलेला केव्हिन मॅकनॅली इथे पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहे, आणि त्यानं मनापासून काम केलं आहे. बेकरची मूळ कल्पनाही चुकीची नव्हती. आधी नकोसा वाटणारा, मग वर्षागणिक उलगडत जाणारा डॉक्टर त्याला करायचा होता. जेन ऑस्टिनचा मिस्टर डार्सी त्याच्या डोळ्यांपुढे होता.

त्याला ती वर्षं मिळालीच नाहीत. फेब्रुवारी १९८५ मध्ये मालिका अठरा महिन्यांसाठी थांबवल्याची बातमी आली. सप्टेंबर १९८६ मध्ये ती परतली आणि त्याच वर्षाअखेर बेकरला काढून टाकलं. रूपांतराच्या दृश्यासाठी तो परत आला नाही, तेव्हा पुढचा डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यालाच केसांचा टोप आणि तो कोट घालून जमिनीवर झोपवलं गेलं. कथेचा दोष नटाच्या माथी बसला, आणि तो काढून टाकायचं काम चाहत्यांनी केलं. १९९९ पासून बिग फिनिश कंपनीच्या ध्वनिनाट्यांत बेकरचा डॉक्टर पुन्हा उभा राहिला. तिथे कोट दिसत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो, आणि त्या आवाजातला जिव्हाळा १९८४ मध्ये कोणाला ऐकूच आला नव्हता. २०१५ मध्ये ‘द लास्ट ॲडव्हेंचर’नं त्याला त्याच्या वाट्याचा शेवटही दिला.

आता चर्चा फिरून फिरून पेरीपाशी येते. परदेशातून आलेल्या प्रेक्षकाला तिचं दुःख कोणी समजावून सांगावं लागत नाही. घरापासून लांब असलेली मुलगी, आजूबाजूला सगळं परकं, ओळखीचा एकच माणूस. तोच एका रात्रीत दुसरा झाला, त्यानं हात उगारला, आणि जायला दुसरी जागा नाही. मेस्टरपेक्षा कितीतरी भयंकर अशी ही परिस्थिती कथेनं स्वतःच निर्माण केली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. डॉक्टर नीट माफी मागत नाही. आपण डॉक्टर आहोत, आवडो वा न आवडो, असं तो शेवटी सुनावतो आणि पेरीच्या चेहऱ्यावर हसू येतं. त्या हसण्यावर विश्वास बसत नाही. ‘ट्विन डिलेमा’चा खरा अपराध हा आहे, कोट आणि गोगलगाय एक वेळ चालून गेली असती.

हे वाद वाया गेलेले नाहीत. डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या ‘ओपन एअर’ कार्यक्रमात सोळा वर्षांच्या एका चाहत्यानं त्या वर्षीच्या मोसमाच्या लेखनावर लेखकांच्या समक्ष टीका केली होती. त्याचं नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ मध्ये तोच मालिकेचा प्रमुख लेखक झाला. त्याच्या आधीचे रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मोफॅट हेही लहानपणापासूनचे चाहते. मोफॅट यांच्या ‘डीप ब्रेथ’ या २०१४ च्या कथेत तीच अडचण पुन्हा येते. नवा डॉक्टर, पीटर कापाल्डी, वयस्क आणि तुसडा आहे आणि सोबतीण क्लारा बिथरलेली आहे. शेवटी तिला फोन येतो. पलीकडून आधीचा डॉक्टर बोलतो, घाबरलेल्या त्या नव्या माणसाला सांभाळून घे असं विनवतो. क्लाराला निर्णय घेण्याची मोकळीक मिळते. पेरीला तीस वर्षांपूर्वी जे मिळायला हवं होतं, ते इथे सापडतं. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘टेल्स ऑफ द टार्डिस’च्या एका भागात बेकर आणि ब्रायंट पुन्हा समोरासमोर बसले, तेव्हा कित्येक जुन्या चाहत्यांना उशिरा का होईना, समाधान वाटलं.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा वाद दुरून पाहत राहू नये. इथले लोक बिग बेनबद्दल कोणत्याही पाहुण्याला सांगतात. आपल्या आवडत्या मालिकेची सर्वांत वाईट कथा का फसली, हे ते आपलं मानलेल्या माणसाशीच बोलतात, आणि समोरच्यानं प्रतिवाद केला तर त्याला खुर्ची ओढून देतात. जुन्या मालिकेचे उपलब्ध भाग २०२३ पासून जवळजवळ सगळे बीबीसी आयप्लेअरवर आहेत. तेव्हा एखाद्या शनिवारी आधी ‘अँड्रोझानी’चे चार भाग पाहा आणि उठून न जाता लगेच ‘ट्विन डिलेमा’चे चार. दुसरीतली पेरी पहिलीतल्या पेरीशेजारी ठेवून पाहा, आणि मग शार्लट स्ट्रीटवर जाऊन आपलं मत बिनधास्त मांडा.