मांडवातील सोबती

मैत्रीचे प्रकार आमच्या सुभाषितकारांनी पुष्कळ वर्णिले आहेत. संकटी धावणारा मित्र, राजद्वारी साथ देणारा मित्र, स्मशानापर्यंत बरोबर येणारा मित्र, अशा सर्वांची त्यांनी मोजदाद केली. परंतु जो वर्षातून तीनच रात्री भेटतो, ज्याच्या घराचा उंबरा आपण कधी ओलांडलेला नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून मार्गशीर्षाची थंडी सुनी वाटते, अशा मित्रास कोणते नाव द्यावे हे त्यांनी सांगितलेले नाही. पंढरीच्या वाटेवर दरसाल एकाच दिंडीत चालणाऱ्यांस ही मैत्री ठाऊक असावी. आम्हांस ती लाभली पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात.

हा महोत्सवही एका ऋणातून जन्मास आला आहे. वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघालेल्या भीमसेन जोशींना अखेर कुंदगोळच्या रामभाऊंचे, म्हणजे सवाई गंधर्वांचे, पाय सापडले. 1952 साली गुरू निवर्तले आणि 1953 पासून शिष्याने त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. पुढे कित्येक दशके भीमसेनांनी तो नुसता गायिला नाही, तर वाहिला. कलावंतांना बोलावणे, त्यांची बडदास्त ठेवणे, हे सारे करून शेवटच्या दिवशी सकाळी ते स्वतः गावयास बसत. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही त्यांची गुरुभावंडेही ह्याच व्यासपीठावर वर्षानुवर्षे गायिली.

आम्ही प्रथम तेथे गेलो ते 1991 च्या डिसेंबरात. नवीन जालन्याहून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर. त्या वेळची एस. टी. औरंगाबाद, नगर करीत रात्रभर हाडे खिळखिळी करी. गाडीत शेजारी कोण, तर आमच्याच पेठेतील एक भुसार आडतदार! "जालना, सोन्याचा पाळणा" ही म्हण ज्यांच्यामुळे खरी ठरावी, अशांपैकी ते एक. गावात त्यांची आमची ओळख नमस्कारापुरती. ते आम्हांस 'सर' म्हणत, आम्ही त्यांस 'शेठजी' म्हणत असू, आणि दोघेही आपापल्या वाटेने जात असू. अंबडच्या दत्तजयंतीच्या गाण्यांनी त्यांचे कान लहानपणीच घडविले होते, हे कुंडलिकेच्या काठी इतकी वर्षे शेजारी राहून आम्हांस कळले नव्हते. ते त्या रात्री एस. टी.त कळले.

रमणबागेच्या पटांगणात तेव्हा मांडव पडे. पुढे खुर्च्या, मागे भारतीय बैठक. आमच्यासारख्यांची जागा अर्थातच मागे, सतरंजीवर. तेथेच आणखी दोघे भेटले. एक धारवाडचे निवृत्त शाळामास्तर. त्यांचे मराठी कानडी वळणाचे आणि मोजके. दुसऱ्या सदाशिव पेठेतल्या एक काकू, ज्यांच्या डब्यातील मेथीचे लाडू एका रागाला एक, या प्रमाणात वाटले जात. द्रुत सुरू झाल्यावर मागितल्यास मिळत नसत.

ऐकण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शेठजी मांडीवर मात्रा मोजीत, आणि समेवर हात असा पडे की जणू तराजूचा काटा स्थिर झाला. काकूंना नाट्यपद आल्याखेरीज मैफल झाली असे वाटत नसे. मास्तर कधी 'वाहवा' म्हणत नसत. सूर मनाजोगा लागला की ते चष्मा काढून हातात धरीत, एवढेच. आम्ही विद्यापीठाची पदवी आणि इंग्रजी ग्रंथांतील सौंदर्यविचार घेऊन तेथे बसलो होतो. परंतु पुढे पुढे आमचे लक्ष अर्धे गवयाकडे आणि अर्धे त्या चष्म्याकडे असे. विलंबित ख्यालात गवई एका स्वरापाशी का थांबतो, हे आम्हांस कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या चष्म्याने अधिक शिकविले.

मैत्री मात्र गाण्यात नव्हे, दोन गाण्यांच्या मधल्या वेळात होई. पहाटे तीनचा सुमार, कानटोप्या, खांद्यावर घोंगडी, हातात वाफाळता चहा. "मालकंस जमला," शेठजी म्हणत. "जमला, पण उशिरा जमला," मास्तर उत्तर देत. एवढ्यावर अर्धा तास वाद चाले. संसाराच्या गोष्टी क्वचितच निघत. कोणाच्या घरी लग्न झाले, कोणाचे दुखणे किती दिवस चालले, हे आम्हांस बहुधा ठाऊक नसे. परंतु कोणता स्वर कोणास हळवे करतो हे पक्के माहीत असे. आणि माणसाची ती ओळख काही कमी जवळची नव्हे.

पुढे काळ पालटला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला. एखाद्या रात्री बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. रोग्यांस व विद्यार्थ्यांस झोप हवी, हे खरेच, आणि त्या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु मांडवात उत्तररात्र उरली नाही, तिच्याबरोबर तिचे राग गेले, आणि पहाटेचा तो चहाही गेला. तिसऱ्या प्रहरी सुरू होऊन रात्री संपणाऱ्या मैफलीतून लोक घड्याळाकडे पाहत वाहनतळाकडे धावतात. 2018 पासून महोत्सव मुकुंदनगरात भरतो. मांडव मोठा झाला, सोयी वाढल्या. परंतु वाद घालावयास अर्धा तास मिळत नाही.

रमणबागेतच एका वर्षी मास्तर आले नाहीत. त्यांचा पत्ता आमच्यापैकी कोणाजवळ नव्हता. तो मागावा असे तीन रात्रींच्या मैत्रीत कोणास कधी वाटलेच नव्हते. काकूंनी त्यांच्या जागी आपली शाल घडी करून ठेवली आणि कोणी विचारले की सांगत, "येताहेत." दुसऱ्या वर्षीही शाल ठेवली. तिसऱ्या वर्षी शेठजींनी न बोलता ती उचलून काकूंच्या खांद्यावर घातली. रात्री गारठा फार होता. मास्तरांचे काय झाले हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

कोणी म्हणेल, ज्याची खबरही लागत नाही तो मित्र कसला? आम्हांस तसे वाटत नाही. ह्या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. 1952 साली गेलेल्या माणसाचा आवाज हजारो माणसे स्तब्ध राहून ऐकतात, आणि त्यांतील बहुतेकांनी त्यांना पाहिलेलेही नसते. 2011 साली भीमसेन गेले आणि गुरूच्या नावाशेजारी शिष्याचे नाव महोत्सवास जोडले गेले. अनुपस्थितास जागा राखून ठेवणे हाच ज्या उत्सवाचा धर्म, त्याच्या मांडवातील मैत्रीला निराळे नियम कोठून असणार?

शेठजी आणि आम्ही अजूनही डिसेंबरात बरोबर जातो. एरवी नवीन जालन्यात भेटलो की पूर्वीसारखाच 'सर' आणि 'शेठजी' असा नमस्कार होतो. फक्त पुण्याच्या मांडवात एखादा षड्ज मनाजोगा लागला, की ते मात्रा मोजावयाचे थांबतात आणि आमच्याकडे पाहतात. तोवर आमचा हात चष्म्याकडे गेलेला असतो.