दिवाडीच्या फेरीबोटीत

आम्ही नागपूरची माणसं, झीरो माइलच्या दगडाची शेजारी. पाणी म्हणजे अंबाझरी नाही तर फुटाळा. त्यातून मला पाण्याची लहानपणापासून धास्ती. यंदा आठवीत जाणाऱ्या लेकीने नौदलाच्या एनसीसीचा फॉर्म आणला, त्यात शिडाची होडी चालवायला शिकवतात म्हणाली; मी सही न करताच तो कपाटात ठेवून दिला.

मे महिन्यात गोव्याला गेलो. देवळं झाली, चर्च झाली, पण लेकीचा हट्ट दिवाडी बेटाचा. कारण ‘तारिणी’ तिथल्या कारखान्यात बांधली. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायला जेमतेम काही मिनिटं लागतात. तरी मी कठडा घट्ट धरून उभी! “काहून इतकी घाबरून राहिली, आई?” लेक हसली. शाळेत भूगोल मी शिकवते, त्या दिवशी शिकवणारी ती होती.

‘तारिणी’ ही शिडाची नौका, लांबी अवघी १७ मीटर. १८ फेब्रुवारी २०१७ ला ती नौदलात आली आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला वर्तिका जोशींसह सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. २१ मे २०१८ ला परतल्या, २५४ दिवसांनी. शिडं आवरणं, रात्रीचा पहारा, दुरुस्ती, स्वयंपाक, सारं पाळीपाळीने. अशा नौकांवर शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. नौका कलली तरी पातेलं सरळ राहतं. परतीच्या वाटेवर सुकाणू बिघडलं, तेव्हा मॉरिशसला थांबून ते दुरुस्त करून घेतलं आणि पुढे निघाल्या.

२ ऑक्टोबर २०२४ ला हीच नौका पुन्हा निघाली. या वेळी दोघीच, दिलना आणि रूपा. एक झोपली की दुसरी जागी. वाटेत पॉइंट निमो लागला. तिथून सर्वांत जवळची जमीनसुद्धा अडीच हजार किलोमीटरहून दूर! आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ ला, दोघी सुखरूप गोव्यात परतल्या.

त्यांच्याही आया घरी वाट पाहत असतील, त्यांनाही धास्ती वाटली असेल, असं मनात आलं. पण त्यांनी लेकींना अडवलं नाही. मी तर तळ्यातल्या होडीलाच नाही म्हणत होते!

नागपूरला परतल्यावर फॉर्म काढून सही केली. अट एकच, आधी पोहायला शिकायचं. “मग तूही चल,” लेक म्हणाली. मैत्रिणींनो, सोमवारपासून सकाळी सहाला आम्ही दोघी तलावावर जातो. काठ अजून सुटत नाही माझ्याच्याने, पण पाण्यात उतरले आहे.