दिव्याचे खांब

होटगी स्थानकापाशी गदगकडे जाणारा लोहमार्ग मुंबई-चेन्नई मार्गाला सोडून ज्या बाजूस वळतो, त्या बाजूच्या आमच्या घरात, पुतण्याच्या संगणकापुढे बसून, दीड तासात संपणारा एक खेळ मी मागील महिन्यात पुरा केला. आणि ज्या गोष्टीची कबुली तीस वर्षांत कोणापाशी दिली नव्हती, ती त्या रात्री माझ्याच मनापाशी मला द्यावी लागली.

खेळाचे नाव ‘द बिगिनर्स गाइड’. ‘द स्टॅन्ली पॅरेबल’च्या कर्त्यांपैकी एक, डेव्ही रेडन, याने तो २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात शत्रू नाही, शर्यत नाही, गुणांचा हिशेब नाही. खुद्द कर्त्याचेच नाव धारण करणारा निवेदक, कोडा नावाच्या मित्राने २००८ ते २०११ या काळात रचलेले लहान लहान खेळ आपल्यापुढे एकामागून एक उघडतो आणि प्रत्येकाचे मर्म मोठ्या जिव्हाळ्याने उकलून सांगत जातो. एका खेळात जिना आहे. जसजसे वर चढावे तसतशी चाल मंदावते, आणि अखेरीस एकेक पायरी म्हणजे एकेक युग वाटू लागते. निवेदक तेथे एक कळ दाबण्याची मुभा देतो. दाबली की वेग पूर्ववत होतो. “काका, दाबा की,” पुतण्या म्हणाला, आणि मी दाबली. त्या मंदपणातच रचणाऱ्याचा काही हेतू असेल, हा विचार मला, सारी हयात नक्षी काढण्यात घालविलेल्या माणसाला, शिवलादेखील नाही.

पुष्कळ खेळांच्या शेवटी दिव्याचा एक खांब उभा असतो. भटकणाऱ्या मनाला मुक्काम सापडल्याची ती खूण, असा निवेदक त्याचा अर्थ लावतो. पुढे मात्र एका दुर्गम मनोऱ्याच्या आत, भिंतींवर, कोडाने त्यालाच लिहिलेला मजकूर आढळतो: माझे खेळ लोकांना दाखवू नकोस, त्यांत फेरफार करू नकोस, त्यांत दिव्याचे खांब घालू नकोस. खांब कोडाचे नव्हतेच! ते वाचताना माझे हात कळफलकावरून आपोआप मागे आले.

मी सोलापुरात जकार्डच्या मागांसाठी नक्षी काढली. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवावे, त्या घरांच्या हिशेबाने पुठ्ठ्यांना भोके पाडावीत, भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जावा, नसेल तेथे तो खालीच राहावा, आणि अशा रीतीने सबंध चादर विणली जाण्यापूर्वीच पुठ्ठ्यांच्या माळेत लिहून ठेवलेली असावी, असा हा व्यवहार आहे. फ्रान्सच्या जाकारने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या पुठ्ठ्यांवरूनच चार्ल्स बॅबेजला आपल्या गणनयंत्रास हुकूम देण्याची युक्ती सुचली. तेव्हा संगणकाचे घराणे मला परके वाटत नाही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या वृद्ध नक्षीकारांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. त्यांनी एकदा एक नक्षी काढली: सर्व अंग मोकळे, आणि एका काठापासून निघून मध्येच थांबलेली एक बारीक, तुटक रेघ. मला ती अतिशय आवडली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि आवडली म्हणूनच लोक तिला अपुरी म्हणतील, ती दुकानात घडीवर घडी पडून राहील, ही कल्पना मला सोसेना. अण्णा गावी गेले असता, पुठ्ठे पाडण्याचे काम माझ्याकडे होते, तेव्हा ती रेघ जेथे थांबत होती तेथे मी एक मोर बसविला. चादर खपली. त्या मोराला मी वर्षानुवर्षे अण्णांवरील उपकार समजत आलो. निवेदकाचा जिव्हाळा खोटा नाही, हेच त्या खेळातले खरे दुःख आहे. दुसऱ्याच्या कृतीवर जीव जडला की तिच्यात दखल देण्याचा हक्कही मिळाला, असे माणसाला अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते.

अण्णा परत आले तेव्हा मी पहिलीच चादर उलगडून त्यांच्यापुढे ठेवली. काठापासून त्यांनी रेघेवरून तळवा सावकाश फिरवीत नेला, मोरापाशी तो थांबला, आणि ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी चादर उलटी केली. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही अंगांनी उमटते. मोर तिकडेही होता, रंग तेवढे पालटलेले.